लेबलावरची तारीख

मी जळत होते. उगाच गोड बोलून काय उपयोग? माझ्याकडे पुण्याची इंजिनिअरिंगची पदवी, तीन वर्षांचा अनुभव. आणि ती इथल्याच, हैदराबादच्या अंबरपेठची, साध्या बी.एस्सी.वर लागलेली, घरात मराठी बोलून मराठी पाटी अडखळत वाचणारी पोरगी! तरी सर म्हणाले, अमेरिकेला एकच जण जाईल, तुम्हा दोघींपैकी. दोघींपैकी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नव्वदीची अखेर होती. हैदराबादेत जो तो व्हिसाच्या गोष्टी करायचा. आमचं काम मात्र बेगम बाजारात, मसाल्याच्या एका ठोक दुकानात. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन थेट कॉम्प्युटरवर आणायचं होतं. प्रोग्रॅम जावामधला, पण काट्याशी बोलायला सी-मध्ये लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे एक फाइल लागे. ऑफिसात सगळं झकास चालायचं. दुकानात सुरू केलं की एकच रड: लायब्ररी सापडत नाही. अरे, डोळ्यांसमोर आहे की! मी ती चार फोल्डरांत कॉपी करून पाहिली. मिरचीच्या खकाण्यानं शिंकून शिंकून बेजार झाले. शेठ रोज विचारायचे, "मॅडम, काँटा कब बोलेगा?"

तिसऱ्या दिवशी ऑफिसात परत येऊन बसले आणि ट्यूब पेटली. आमच्या फाइलला आणखी एक फाइल लागत होती. माझ्या मशीनवर ती दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर आपसूक आलेली. दुकानातल्या मशीनवर ती नव्हतीच, आणि मशीन बोंब मारत होतं आमच्या फाइलच्या नावानं. मी ती हरवलेली फाइल फ्लॉपीवर घेतली, ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे लेबलावर नाव आणि तारीख लिहिली, आणि कुणाला काही न सांगता फ्लॉपी पर्समध्ये टाकली.

कारण मला जमेना म्हणून दुसऱ्या दिवशी सर तिला दुकानात नेणार होते. होऊ दे फजिती, म्हटलं.

मीही गेले, बघायला. ती शेठशी तिथल्या दखनी हिंदीत काहीतरी बोलली, ते खदखदून हसले आणि तिच्यासाठी चहा आला. मला तीन दिवसांत पाणी विचारलं नव्हतं मेल्यानं! मग तासभर ती मशीनशी झगडली. शेवटी ओढणीनं घाम पुसत सरांना म्हणाली, "मला नाही जमत बघा सर. ताईंना येईल. तीन दिवस लागलेत त्या, कायतरी काढलंच असेल त्यांनी."

मी पर्स उघडली. पाच मिनिटांत काट्यावर धण्याचं पोतं चढलं आणि पडद्यावर वजन उमटलं. शेठनी टाळी वाजवली. सर तिथंच मला म्हणाले, "पासपोर्ट तयार ठेवा."

मी हवेतच होते. ड्राइव्हमधली फ्लॉपी तिनं काढली, क्षणभर पाहिली. सर पुढे गेल्यावर दुकानाच्या पायरीवर तिनं ती माझ्या हातात दिली.

"ताई, सरांकडे जमा करायच्या आधी लेबल बदला हौ," ती हळूच म्हणाली. "कालची तारीख आहे याच्यावर."

एवढंच. मग ती माझ्यासाठी रिक्षा थांबवायला रस्त्यावर गेली.

मी अमेरिकेला गेले. तिनं कुणाला कधी सांगितलं नाही. त्या पायरीवर तिनं एक टोमणा जरी मारला असता ना, तर मी निदान भांडले तरी असते.