बावन्न हंड्यांचा ठराव

पाराच्या रांगेत एकवीस हंडे झाले. सगळ्यांत जास्त. मी ठराव लिहायला पेन काढलं.

बहात्तरचा दुष्काळ. नगरच्या पूर्वेकडचं बावन्न घरांचं गाव. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी, म्हणजे सरकारी योजना घेऊन गावोगाव सायकल दामटणारा माणूस. बोअरचं मशीन आलेलं, पण भोक एकच पडणार. जागा तीन : मारुतीचा पार, शाळा, नाहीतर बौद्धवस्ती. बीडीओ साहेबांनी बजावलेलं, बहुमताचा ठराव आण, नाहीतर मशीन पुढच्या गावाला जाईल.

हात वर करा म्हटलं की लोक आधी सरपंचांकडे बघतात. म्हणून मी सांगितलं, घरटी एक रिकामा हंडा आणा आणि हव्या त्या जागेच्या रांगेत ठेवा. या युक्तीवर मी स्वतःच खूश होतो. पाराला एकवीस, शाळेला सतरा, वस्तीला चौदा.

वस्तीतल्या सखुबाई पुढे आल्या. "सायेब, आमी हरलो, कबूल. पर जितलेले बी निम्मे न्हाईत. एकतीस घरांनी पार मागितला न्हाई."

सरपंच म्हणाले, ज्याचे हंडे जास्त त्याची जागा, आमदारही असाच निवडतात. खोटं नव्हतं ते. मतं वाटली गेली की निम्म्याहून कमी मतांतही माणूस निवडून येतो. पण साहेबांचा शब्द होता बहुमत, आणि बावन्नाचं बहुमत सत्तावीस. शिवाय पारावर सखुबाईंना कुणी हंडा भरू दिला नसता. वरून ओततील तेवढंच पाणी. हे मला ठाऊक होतं, तरी मी लिहायला बसलो होतो. लाज वाटली. पेन खिशात ठेवलं.

शेवटची जागा बाद, उरलेल्या दोन जागांसाठी सगळ्यांनी पुन्हा हंडे ठेवायचे, असं मी जाहीर केलं. सरपंच तणतणले. वस्तीचे चौदा हंडे शाळेच्या रांगेत आले. शाळा सरकारी, तिथं कुणाला अडवता येत नव्हतं. तेवढ्यात सरपंचांच्या बायकोनं पाराच्या रांगेतला स्वतःचा हंडा उचलला.

"पार चढावर हाय," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "पानी मी वाहते."

शाळा बत्तीस, पार वीस.

दुसऱ्या दिवशी पाणी लागलं. हातपंप बसल्यावर काही बाया वस्तीतल्यांनी पाणी भरलं की दांडा धुऊन घ्यायच्या. धुण्यातच पाणी जातंय म्हटल्यावर पुढे तेही थांबलं.

एका ठरावाला अख्खा दिवस का लागला, असं साहेबांनी विचारलं. दोनदा मोजलं, म्हटलं. तेव्हापासून कुठलाही निकाल लागला की मी आधी हरलेल्यांची बेरीज करतो.