सोळा मात्रांचा ठेका

आधी शपथ घ्या, हसणार नाही. घेतली? बरं. मग चहा ओता आणि ऐका. माझ्या हातून झालेला हा घोटाळा इतका जुना आहे, तरी महाल भागातल्या त्या गल्लीतून जाताना मी अजून मान खाली घालून सायकल हाणतो.

काय सांगू राजेहो, तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला ठेकेदार व्हायचं होतं! आमचं घर विणकरांचं. घरातले हातमाग एकेक करून बंद पडले आणि ज्यानं त्यानं आपापला रस्ता धरला. तिकडे कोराडीला वीजकेंद्राची कामं निघालेली. ज्याला पाहावं तो ठेकेदार! कुणी वाळूचा, कुणी विटांचा, कुणी चक्क गवत कापायचा. टेरिकॉटचा शर्ट, खिशाला पेन, काखेत डायरी. शर्ट, पेन आणि डायरी एवढं माझ्याकडे होतं. ठेका तेवढा बाकी होता.

पण लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांना मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो, "ठेकेदारी करतो."

सासरे लकडगंजात आरामशीनवर मिस्त्री. दिवसभर लाकूड कापायचं आणि तोंड बंद ठेवायचं, असा माणूस. लग्नाला सात महिने झाले तेव्हा एकदाच माझ्याशी सलग बोलले.

"जवाईबापू, महालात एक गुर्जी हायेत. ढोल-तबले जमवून त्यायनं घरातच म्युझियम काढलं. सारं जमिनीवर पडून हाये म्हणे, लाकडाची मांडणी पाह्यजे. तिथं जाणारा एक माणूस सांगून राह्यला होता, रविवारी गुर्जी ज्याले पाह्यजे त्याले ठेका देतेत. जाऊन पाहा. भेटला तं भेटला. नाई तं सोमवारपासून आरामशीनवर, माह्या हाताखाली."

हाताखाली! सासऱ्याच्या! दिवसभर डोक्यात भुसा आणि दुपारी त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच लेकीनं दिलेला डबा खायचा! तुम्हीच सांगा, जावयाला याच्यापेक्षा मोठी शिक्षा आहे का?

रविवारी कडक इस्त्री करून पोचलो. दारावर पाटी, 'प्रत्येक वाद्य हात लावून, वाजवून पाहावे.' आत तर नुसता धुमाकूळ! एक मिशाळ माणूस डफ बडवतोय, दोन बाया ताशावर तुटून पडल्यात, कुणी झांजा आपटतंय. मला तहान लागलेली. कोपऱ्यात मडकं दिसलं म्हणून पेला शोधू लागलो, तर ताशावाली एक बाई ओरडली, "ओ भाऊ, थे वाजवाचं मडकं हाये!"

तिथूनच मी परत फिरायला हवं होतं. पण नशिबात भोग असले की पाय मागे वळत नाहीत.

मधोमध सतरंजीवर गुरुजी बसलेले. मूळचे पुण्याकडचे, बोलणं एकदम स्वच्छ.

"या, या! काय पाहायचंय?"

"पाहायचं काही नाही गुरुजी. ठेक्यासाठी आलोय."

गुरुजींचा चेहरा असा उजळला! "वा! अहो, लोक येतात आणि नुसते बदडून जातात. ठेक्यासाठी म्हणून आलेले तुम्ही पहिलेच!"

पहिलाच! म्हणजे मैदान मोकळं! मी डायरी उघडली.

"लहान देऊ की मोठा?"

"मोठाच द्या."

"मोठा म्हणजे सोळा मात्रांचा. झेपेल?"

आता मात्रा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पण ठेकेदारानं 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. मांडणीच्या कप्प्यांना पुण्याकडे मात्रा म्हणत असतील, असं मी आपलं ठरवून टाकलं. लिहिलं, 'सोळा कप्पे.'

"झेपेल की!"

"त्याचे सारखे चार भाग. पहिल्या मात्रेवर जोर पडतो, हे विसरायचं नाही."

लिहिलं, 'चार खण. पहिला कप्पा मजबूत.'

"आणि तिसरा भाग खाली."

"खाली कशाला गुरुजी? भरून टाकू की!"

"छे, छे!" गुरुजी कळवळले. "खाली म्हणजे खालीच. तीच तर त्यातली गंमत आहे!"

मोठ्या माणसांची हौस! आपल्याला काय? लिहिलं, 'तिसरा खण रिकामा.'

"सुरुवातीला विलंबित घेऊ."

"विलंब नको गुरुजी! घरी सासरे बसलेत. लवकरात लवकर द्या."

गुरुजी खो खो हसले. "तरुण रक्त! बरं, पुढच्या रविवारी पक्का करून आणा. सगळ्यांसमोर घेऊ."

ठेका पक्का! ऐकलंत ना तुम्ही? त्यांनी स्वतःच्या तोंडानं पक्का म्हटलं!

येताना संत्राबर्फी घेतली आणि अख्ख्या गल्लीत वाटली. बायको, कुसुम तिचं नाव, दारातच उभी.

"अजी, खरंच भेटला?"

"सोळा मात्रांचा!"

"मंजे केवढा?"

"तुले नाई समजायचं वं. ठेकेदारीतली भाषा हाये."

सासऱ्यांनी डायरी हातात घेतली. दोनदा वाचली.

"तिसरा खण रिकामा? काहून?"

"गुर्जीची इच्छा हाये, मामाजी."

त्यांनी डायरी परत दिली. मालकाला विचारून त्यांनी चांगलं सागवान निवडलं. रोज सुट्टी झाल्यावर आरामशीनवरच बसून सहा दिवस रंधा मारला. राजेहो, मांडणी अशी देखणी झाली की त्यावर ढोल ठेवण्याऐवजी देव मांडावेत! शनिवारी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरीचं बरं झालं." मला भरून आलं हो! सात महिन्यांत त्या माणसानं मला पहिल्यांदा माणसात घेतलं होतं.

रविवारी आम्ही दोघांनी ती मांडणी हातठेल्यावर चढवली आणि लकडगंजापासून महालापर्यंत ढकलत नेली. तिथले दोघं धरून चौघांनी उचलून ती आत ठेवली. हॉल गच्च भरलेला. गुरुजी मला पाहून उठून उभे राहिले.

"आलात! मंडळी, हेच ते. आल्या आल्या ठेका मागणारे! झाला का पक्का?"

"एकदम पक्का! सागवान आहे."

"सागवान?" गुरुजी माझ्याकडे बघतायत, मांडणीकडे बघतायत. "हे... हे काय आणलंत?"

"तुमचा ठेका, गुरुजी! मोजून घ्या. सोळा मात्रा, चार भाग, तिसरा खाली."

गुरुजी हळूहळू मांडणीजवळ गेले. कप्प्यांवर एकेक करून बोटं आपटू लागले. "धा धिं धिं धा," पहिला खण. "धा धिं धिं धा," दुसरा खण. तिसऱ्याशी पोचले आणि रिकाम्या जागेत नुसता हात हलवला. "धा तिं तिं ता." मग चौथा, "ता धिं धिं धा."

आणि मग मला कळलं. ठेका म्हणजे तबल्याचा ठेका! मात्रा म्हणजे तालाच्या मात्रा! गुरुजी मला त्रिताल देत होते आणि मी त्याला रंधा मारून आणला होता!

असा हशा उसळला म्हणता! ताशावाल्या बायांना तर ठसका लागला. मी जमीन कुठे दुभंगते का ते बघत होतो. मागे वळायची छाती नव्हती, कारण मागे सासरे उभे होते.

गुरुजींनी डोळे पुसले. माणूस मोठा हो! म्हणाले, "अहो, त्रिताल मी आयुष्यभर ऐकला, पण डोळ्यांनी आज पाहिला. मांडणी इथंच राहील, जी काय किंमत होईल ती मी देईन. रिकाम्या खणात पखवाज उभा करू."

मी जरासा श्वास घेतला.

"पण ठेका कबूल केलाय, तो घेतल्याशिवाय सोडणार नाही!" त्यांनी माझा दंड धरून मला सतरंजीवर बसवलं आणि डग्गा पुढ्यात सरकवला. "चला, मारा थाप."

सगळा हॉल माझ्याकडे बघतोय.

"गुरुजी, मला थाप मारता येत नाही हो!"

तेव्हा मागून सासऱ्यांचा आवाज आला. त्या माणसाला इतक्या मोठ्यानं बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"नका ऐकू त्याचं, गुर्जी! सोयरीक जमली तवापासून जवाईबापू दुसरं काय करून राह्यले? थापाच तं मारून राह्यले! आज मारू द्या, काय माराच्या तेवढ्या. उद्यापासून रंधा मारतीन!"