कुसुमच्या फॉर्मवरची खूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. कुसुमला नाही, पोरीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा एवढं बाजूला ठेवूनच उभा राहायचो. कुसुम, माझी बायको, जाऊन आठ महिने झाले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा सुबक काही येणार नाही. जसं येईल तसं लिहितो.

पण आधी जरा चिडू द्या. रोज संध्याकाळी टीव्हीवर तेच – देशात कुशल माणसं मिळत नाहीत. बाहेरून आणा, नवे कोर्स काढा, समिती नेमा. अरे, माणसं होती ना! इथं ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गला, आमच्या कारखान्याच्या शेडमध्ये, मशीनवर मान मोडून बसलेली होती. त्यांना विचारलं कुणी? वीस-वीस वर्षं चाललेला हात धरायचा नाही आणि चार आठवडे वर्गात बसून आलेल्याचा कागद धरायचा, ही कुठली रीत? हे मी देवळाच्या हॉलमध्ये बोललो, शेजाऱ्यांपुढं बोललो, डॉक्टरपुढं बोललो. कुसुमच्या तेराव्यालासुद्धा जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं म्हणालो, सरकारनं माझ्या बायकोच्या हाताची माती केली. सगळ्यांनी माना हलवल्या.

चिडण्यात एक सोय असते. चिडलेल्या म्हाताऱ्याला कुणी पुढचं विचारत नाही.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचो. मी आमच्या लाइनचा लीडिंग हँड, म्हणजे मुकादमच म्हणा. का मी? काम चांगलं होतं म्हणून? नाही. आवाज मोठा होता म्हणून. कुसुम सोलापुरातनं शिवण शिकून आलेली, मॅट्रिक झालेली. डोकं टेकायच्या उशीला वळण असतं, तिथं सगळ्यांच्या कव्हराला चुणी पडायची. तिच्या कधी पडली नाही. त्या वळणावर टीप कशी घ्यायची ते मला तिनंच शिकवलं – घरी, दार लावून, म्हणजे नवऱ्याची शोभा नको.

मग गाड्यांचा धंदा बसला, आमचा कारखाना बंद होणार असं ठरलं. तेव्हा सरकारनं एक योजना काढली. परीक्षा नाही, पुस्तक नाही. परीक्षक येऊन काम बघणार आणि येतंय त्याला सर्टिफिकेट देणार. ते मिळालं तर सरकारी कॉलेजात शिवण शिकवायची नोकरीसुद्धा मिळू शकत होती. म्हणजे मी ज्या योजना नाहीत म्हणून बोंबलतो ना, तीच ही. चांगली होती. हेसुद्धा आजवर बोललो नव्हतो.

माझा फॉर्म कुसुमनं भरला. मला कुठलं एवढं इंग्रजी? तिनं रविवारभर बसून माझी वीस वर्षं लिहून काढली, आणि होतो त्यापेक्षा बरा कारागीर केला मला.

परीक्षक आला तो बराच वेळ तिच्या मशीनपाशी उभा राहिला. कव्हर उलटंपालटं करून बघितलं, मला हाक मारली आणि हसत म्हणाला, "मेट, हिनं तुला शिकवायला पाहिजे." सगळी लाइन हसली. कुसुमही हसली, तोंडाला रुमाल लावून. मीसुद्धा हसलो.

एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडं नाही.

प्रत्येक कामगाराच्या फॉर्मवर लीडिंग हँडनं एक खूण करायची होती – हा माणूस स्वतंत्रपणे काम करतो, की देखरेखीखाली? त्यावर सही. देखरेखीखाली म्हटलं की त्याला सर्टिफिकेट नाही. जेवणानंतर मी खोलीत बसलो. अकरा फॉर्मवर पहिल्या चौकोनात खूण केली. त्या अकरांत दोघं असे होते की त्यांना दोरा ओवायला सांगितला तर सुई तोडतील. मग कुसुमचा फॉर्म आला. दुसऱ्या चौकोनात खूण केली. देखरेखीखाली. कुणाच्या देखरेखीखाली हो? माझ्या!

घरी येताना गाडीत तिनं विचारलं, "काय म्हणाला हो तो माझं?"

"नाही म्हणाला. तुझं इंग्रजी कमी पडतं म्हणाला."

ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मशीनला कुठं इंग्रजी येतं?"

पुन्हा तिनं माझ्यापाशी विषय काढला नाही. पुढं थंड खोलीत उभं राहून पालेभाज्या पिशवीत भरायची, बोटं आखडेपर्यंत. घरी साड्यांना फॉल लावायची. आणि मी? मी माझं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं. ती ते दर दिवाळीला पुसायची.

आमची अश्विनी परदेशातून आलेल्या बायकांना नोकऱ्या मिळवून द्यायचं काम करते. येत्या शनिवारी कौन्सिलच्या हॉलमध्ये तिचं भाषण आहे – आईवर. सरकारी कागदानं आईला कसं डावललं यावर. भाषणाला नाव दिलंय, 'मशीनला कुठं इंग्रजी येतं?' फोनवर म्हणाली, "बाबा, यू मस्ट सिट इन द फ्रंट. आणि आईचे सगळे पेपर्स काढून ठेवा, मी उद्या येते न्यायला."

काढून ठेवले आहेत. मॅट्रिकचं, शिवणाच्या वर्गाचं, पगाराच्या चिठ्ठ्या. त्या फॉर्मची पिवळी प्रत लीडिंग हँडकडं राहायची. ती इतकी वर्षं माझ्या हत्यारांच्या डब्यात, तळाशी होती. फाडता आली असती. का नाही फाडली, मला ठाऊक नाही.

फाइल कुसुमच्या मशीनवर ठेवली आहे. पिवळा कागद सगळ्यात वर आहे. दुसऱ्या चौकोनात खूण, खाली सही. मला सही मराठीतच येते. अश्विनीला ती वाचता येते.