पाखरासमोर बसून खाणं

नवरा जाऊन दीड महिना झाला होता, तेव्हा शहरातल्या छावणी भागातून एका चाचांचा फोन आला. ते पाखरं पाळायचे, विकायचे.

"साहब ने कॉकटील का बच्चा बोल के रखा था. अब खुद से खाने लगा है. ले जाओ."

त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "बेटा, नक्को होना तो बोल दो. कोई बात नहीं."

"येते न्यायला," मी म्हणाले. त्या दिवसांत मला कुणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणायचे.

नवरा बिडकीनकडच्या एका कंपनीत होता. सकाळच्या पाळीत छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला. पाखराबद्दल तो मला कधी बोलला नव्हता. माझ्यासाठी असेल, नाहीतर त्यालाच हवं असेल. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लहानपणी लई नाद होता त्याला पाखरांचा." आता घरात आम्ही दोघीच होतो.

कॉकटील म्हणजे लहान पोपटाचीच एक जात; पिल्लू राखाडी होतं, गालावर नारिंगी ठिपका. ते फक्त राळ्याचे दाणे खायचं. नुसत्या दाण्यावर ठेवलं तर पाखराचं लिव्हर खराब होतं, भाजीपाल्याची सवय आत्ताच लावा, असं चाचांनी बजावलं होतं. म्हणून मी मेथीची पानं ठेवली. ते वाटीपासून लांब कोपऱ्यात जाऊन बसलं आणि फुसफुसलं. दुसऱ्या दिवशी गाजराचा कीस, तिसऱ्या दिवशी उकडलेला मका. रोज दुपारी मी सगळं तसंच्या तसं कचऱ्यात टाकायचे. वाईट वाटत नव्हतं, राग येत नव्हता. वाटी विसळून पालथी घालायचे.

आठवड्यानं मी चाचांना फोन केला. "दाना बंद कर के देखूं क्या?"

"बिलकुल नक्को! बच्चा है, मर जाएगा. रोज चीज मत बदलो. एकीच चीज सुबह देव, दाना थोड़ी देर बाद. और उसके सामने बैठ के तुम खाओ. परिंदा अकेला नई खाता, बेटा."

अडचण तिथंच होती. मी खातच नव्हते. दोन वेळचा चहा आणि टोस्ट. सासूबाई ताट वाढायच्या, मी भाकरी चिवडून उठायचे. त्याही काही बोलायच्या नाहीत, कारण त्यांच्या ताटातही तेवढंच उरलेलं असायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी पिंजऱ्यासमोर फरशीवर बसायला लागले. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायचे. मका एक वाटी त्याला, एक मला. मी एकेक दाणा चावायचे. चव लागत नव्हती. ते मान तिरकी करून माझ्या तोंडाकडं बघायचं.

चौथ्या दिवशी सासूबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. "दे गं, मलाबी दे थोडा. दोघी खाताना दिसलो तर त्याला धीर येईल."

मग आम्ही दोघी रोज बसायला लागलो.

दहाव्या दिवशी ते दारातून बाहेर आलं, सतरंजीवरून चालत सासूबाईंच्या हातापाशी गेलं आणि तळहातावरचा दाणा उचलला. टाकला. परत उचलला. चोचीत फिरवून आतला गर खाल्ला, साल त्यांच्या पदरावर पडली.

"खाल्लं बघ! खाल्लं गं!" त्या म्हणाल्या आणि एकदम मोठ्यानं रडायला लागल्या. मुलगा गेल्यापासून त्या असं रडल्या नव्हत्या. हात मात्र हलू दिला नाही, पाखरू अजून खात होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं नाही. आत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, ते मी मोजत होते.

मेथीला अजून महिना लागला. ओली जुडी पिंजऱ्याला टांगून ठेवली तेव्हा कुठं त्यानं पान कुरतडलं. आता मोड आलेले मूगही खातं.

मी परत कामावर जाते. दुपारी सासूबाईंचा फोन येतो, पाखरानं काय खाल्लं, काय टाकलं ते सगळं सांगतात. मी बरं म्हणते. परवा त्यांनी मधेच विचारलं, "आन् तू जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले. खरंच डबा रिकामा होता. भाजी कशाची होती, ते मात्र मला आठवेना.