बारी म्हणजे खिडकी: आईबरोबर बडोद्यात एक दिवस

आई कायमची पुण्याला यायला तयार झाली, तीही फोनवर, एका वाक्यात. बाबा गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते आणि ती 'बघू' म्हणून टाळत होती. त्यामुळे त्या 'हो'वर माझा विश्वासच बसेना. जानेवारीत रजा काढून मी बडोदे गाठलं. वासणा भागातला तिचा फ्लॅट आवरण्याआधी एक अख्खा दिवस शहरातल्या इमारती बघायच्या आणि तिच्या मनातलंही काढून घ्यायचं, असं ठरवलं.

रिक्षा दिवसभराची करा, भाव आधीच बोलून घ्या. आमचे रिक्षावाले जयेशभाई सकाळीच ॲल्युमिनियमच्या देवळात घेऊन गेले. ते लष्करी हद्दीत आहे, ओळखपत्र जवळ असू द्या. नुसत्या पत्र्यांचं देऊळ, पण उन्हात काय देखणं दिसतं! "लहानपणी तू याला देवाचा डबा म्हणायचीस," आई म्हणाली. मला अजिबात आठवत नव्हतं.

मग जुन्या शहराच्या वेशीवरचा लहरीपुरा. दरवाजापाशी बाजाराची ही झुंबड. शेजारच्या जुन्या न्यायालयाच्या कमानदार खिडक्यांकडे आई बोट दाखवत सुटली. "ही बारी. ती पण बारी."

मी विचारलं तेव्हा गोष्ट कळली. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात होते. लग्न होऊन आई साताऱ्याहून क्वार्टरमध्ये आली तेव्हा तिला गुजरातीचा गंध नव्हता. एकदा धुळीचं वादळ आलं आणि शेजारीण ओरडली, "बेन, बारी बंध करो!" आईला वाटलं, नळावर पाणी भरायची आपली बारी आज बंद. ती रिकामी बादली घेऊन हिरमुसून बसली, उघड्या खिडकीशेजारीच. घरभर धूळ.

"तुझे बाबा पोट धरून हसले. मग रविवारी सायकलवर डबल सीट बसवून गावभर फिरवलं. ही बारी, हे बारणुं म्हणजे दार, हा दादर म्हणजे जिना. माझी शाळाच ती."

दुपारी शेव उसळ खाल्ली. तिखट रस्सा बेतानं घ्या. मी फुशारकी मारली आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

लक्ष्मीविलास पॅलेस सोमवारी बंद असतो. आत कानाला लावून माहिती ऐकायचं यंत्र मिळतं, मराठीतही. मी दोन मराठी यंत्रं घेतली, तर आईनं तिचं परत केलं. "भाई, मने गुजराती आपो ने."

"मराठी विसरलीस की काय?"

"विसरेन कशी? पण इमारतींचं मला गुजरातीतच कळतं."

देवळासारखे खांब, मशिदीसारखे घुमट, चर्चसारख्या रंगीत काचा, सगळं एकाच वाड्यात, आणि तरी कुठे भांडण नाही. त्या काचांसमोर आईनं कानावरचं यंत्र काढलं.

"सुनू, मला पुण्याला यायचं नाही."

"मग हो का म्हणालीस?"

"तू फोनवर रडायचीस. किती वेळा 'बघू' म्हणू? इथे प्रत्येक वळणावर तुझे बाबा भेटतात. तिथे तू भेटशील, तीही ऑफिसातून दमून आल्यावर."

मला राग आला, कारण ती म्हणाली ते खरं होतं. बाहेर जयेशभाईंनी कसं वाटलं म्हणून विचारलं, "मासी, केवुं लाग्युं?" "बहु सरस," आई म्हणाली. मी रिक्षात जाऊन बसले.

मी एकटीच परतले. तिच्यासाठी रिकामी केलेली खोली तशीच आहे, तिथे काही ठेववत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही बडोद्याला हिवाळ्यातच जा, आणि घरच्या कुणाला तरी बरोबर न्या. पूर्वी रोज मी फोन करायचे आणि आई 'बरी आहे' म्हणून ठेवून द्यायची. त्या दिवशी मला तोंडावर 'नाही' म्हणाली, तेव्हापासून फोन तीच करते.