एका पायातली चप्पल

केबिनमामा दार उघडत तेव्हा बहुतेक रविवारी त्यांच्या एकाच पायात चप्पल असे. नव्या माणसाला वाटे, म्हातारा गडबडलाय. आम्हा शेजाऱ्यांना कळे, आत फोटो काढणं चालू आहे.

दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये चौतीस वर्षं काढली, म्हणून ते केबिनमामा. मामी गेल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी बसवली. दौंडला समुद्राचं पाणी कुठून येणार? बाजारातलं तयार समुद्री मीठ मोजून, शुद्ध पाण्यात कालवून ते स्वतः बनवत. टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी होती आणि एक हॅमर कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, हातोडीसारख्या टोकांचे मऊ हात हलवणारं. आणलं तेव्हा त्याला दोन तोंडं होती. दर रविवारी सकाळी मामा त्याचा फोटो काढत, तोही एकाच जागेवरून. कॅमेऱ्याच्या तिवईचे तीन पाय कुठे टेकवायचे, त्या खुणा फरशीवर ऑइलपेंटने केल्या होत्या. दोन वर्षांत दोनाची पाच तोंडं झाली. पाचवं दिसलं त्या दिवशी मला हाक मारून पेढा दिला.

तयारी मोठी असे. पडदे ओढलेले, खोलीतला दिवा बंद, अंगात काळा शर्ट. "फोटो माशाचा काढायचा, काचेतल्या आपल्या ढेरीचा न्हाई," असं म्हणत. मग पाणी फिरवणारा पंप बंद करायचा, म्हणजे पाणी थांबतं आणि कोरलचे हात स्थिर होतात. पंप बंद केला, की डाव्या पायातली चप्पल काढून स्विचबोर्डाखाली ठेवायची. पंप पुन्हा चालू केल्यावरच ती पायात घालायची.

"रेल्वेत आठवणीवर गाडी सोडत न्हाईत," ते म्हणाले होते. "टोकन हातात लागतं, ते मिळाल्याबिगर ड्रायव्हर गाडी हलवत न्हाई. हे माझं टोकन."

मी कुरकुंभच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मी हसून म्हणालो, "मामा, त्यापेक्षा वहीत लिहीत जा."

"आन् वही उघडायची आठवण कोण देणार, स्टोअरकीपर? अनवाणी पाय आपोआप बोलतो."

गेल्या मे महिन्यात मामांच्या हृदयाचं ऑपरेशन पुण्यात ठरलं. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "दोन टायमाला खाणं, पाण्याची पातळी, आन् रोज एक फोटो पाठवा. तेवढा दिसला की मला झोप लागंल."

मी वही आखली. तापमान, खारटपणा, पंप बंद, पंप चालू. आठ दिवस एक रकाना रिकामा राहिला नाही. चप्पल मात्र मी कधी काढली नाही. मला ते पोरकट वाटे.

नवव्या दिवशी सकाळी पंप बंद केला, वेळ लिहिली, फोटो काढून पाठवला. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, टँकर गेटवर उभा आहे, सही करायला कोणी नाही. मी कुलूप लावून निघालो. परत आलो तेव्हा चार वाजले होते. पंप आणि पाणी गार ठेवणारा पंखा एकाच बटणावर होते, म्हणजे दोन्ही जवळपास नऊ तास बंद. दोन्ही मासे मरून तळाशी पडले होते. कोरलचे हात लोंबत होते. वहीत 'पंप बंद ७.१०' असं माझ्या चांगल्या अक्षरात होतं. पुढचा रकाना कोरा.

पंप चालू केला, पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी कोरलचं मांस गळायला लागलं. ऑपरेशन झालेल्या माणसाला हे कसं सांगायचं? मी नवव्या दिवशीचाच फोटो पुन्हा पाठवला. अकराव्या दिवशीही तोच.

संध्याकाळी मामांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "स्टोअरकीपर, डावीकडचं तोंड परवा जेवढं मिटलं हुतं, तेवढंच आजबी मिटलंय. जित्ती वस्तू दोन दिवस सारखी दिसत न्हाई."

मी पंपाचं सांगून टाकलं.

"चप्पल कुठं हुती?"

"पायात," मी म्हणालो. "दोन्ही."

मामा म्हणाले, "जेवलात का?"

तीन आठवड्यांनी ते घरी आले. शिरूरला लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. जायच्या आदल्या रविवारी मला बोलावलं. टाकीत पाणी फिरत होतं आणि मध्ये कोरलचा पांढरा सांगाडा होता. मामांनी काळा शर्ट घातला, तिवई खुणांवर ठेवली, पंप बंद केला आणि डाव्या पायातली चप्पल काढून बोर्डाखाली सरकवली. एकच फोटो काढला. मग खाली न बघता चप्पल पायात घातली.

पंप बंदच होता. माझा हात बोर्डाकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पुढं गाडी न्हाई."

मला दारापर्यंत सोडायला आले. दोन्ही पायांत चप्पल होती.