नावाच्या रकान्यातला कोड

आमच्या पनवेलच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासणाऱ्या एक बाई आहेत, गव्हाणच्या. फॉर्म सोसायटीच्या गेटवरचा असो की दातांच्या डॉक्टरांचा, नावाच्या रकान्यात त्या आधी कोडची एक ओळ टाकून बघतात. "नावाच्या जागी लोक नावच लिवतील, असं तुमी धरून चालता," असं मान वर न करता म्हणतात.

आमच्या प्रोग्रामरांना रोजच्या कामाचे अहवाल दाखवणारं एक पान मी लिहिलं होतं. परवा ते उघडलं, तर मध्येच चौकट आली: 'आमी आत हाय.' बाईंनी अहवाल भरताना नावाच्या रकान्यात टाकलेला कोड माझ्या ब्राउझरमध्ये चालला होता. दुसऱ्या कुणी टाकला असता, तर त्याला माझ्या नावाने आमचं सगळं सॉफ्टवेअर बदलता आलं असतं.

"सोमवारी आपलं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जायचंय. या चुकीचा रिपोर्ट त्यानंतर दिलात तर?" मी विचारलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "आजच देनार."

मला राग आला. संध्याकाळी रिपोर्ट साहेबांकडे गेला. माझी चूक त्यात जशीच्या तशी होती. खाली त्यांनी आपणहून एक ओळ जोडली होती: 'हे पान मागच्या वर्षी मीच तपासून पास केलं होतं.'

ते कुणाच्याच लक्षात नव्हतं, माझ्याही.